इंजिन उघडण्याआधी: मोठ्या दुरुस्तीसाठी हत्यारांची जमवाजमव

रेडिएटर काढून भिंतीला टेकवलाय, बेल्ट खाली उतरलाय, झाकणांचे बोल्ट डब्यात पडलेत. आता फक्त क्रँक पुलीचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या टोकावरच्या पुलीचा बोल्ट काढला की टायमिंगचं कव्हर निघेल. पण तो बोल्ट हातातल्या रॅचेटला दाद देत नाही, आणि जोर लावला की त्याच्यासोबत सगळं इंजिनच फिरतं. पुली धरून ठेवायचं हत्यार जवळ नाही. मग पाना उलटा लावून बघ, छिन्नी ठोकून बघ, असं सुरू होतं आणि बोल्टाचं डोकं गोल होतं. नवशिक्यांची मोठी दुरुस्ती अडते ती बहुतेक वेळा अशा जागी. इंजिन समजायला अवघड असतं म्हणून अडल्याची उदाहरणं मी त्या मानाने कमी पाहिली आहेत.

हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्या मधली पट्टी) बदलणं, टायमिंग बेल्ट किंवा चेन बदलणं, पिस्टन-रिंगा घालणं, बेअरिंग बदलणं, यांपैकी काहीही पहिल्यांदा हाती घेणार असाल तर आधी जमवाजमव करा. पुढच्या पायऱ्या मी ज्या क्रमाने करतो त्याच क्रमाने दिल्या आहेत. क्रम मुद्दाम तसा आहे, कारण खरेदी त्यात बरीच उशिरा येते.

पायरी १: काम नक्की किती मोठं आहे ते मोजा

सगळ्यात आधी घ्यायचं हत्यार म्हणजे कॉम्प्रेशन गेज. ते नसेल तर बाकीची यादी अंदाजाने होते. इंजिन गरम असताना सगळे स्पार्क प्लग काढा, इंधन आणि इग्निशन बंद करा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि एकेका सिलिंडरचा दाब घ्या. चांगल्या पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १३ बार दिसतो. डिझेलचा दाब २५ बारच्या वर जातो, म्हणून त्याचं गेज वेगळं असतं; पेट्रोलचं गेज डिझेलला लावू नका, फुटेल.

आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक जास्त बोलतो. शेजारशेजारचे दोनच सिलिंडर पडलेले असतील तर त्यांच्या मधली गॅस्केट जळल्याचा संशय घ्या. एकच पडला असेल तर त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा दाब घ्या. दाब वाढला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेत, जसाच्या तसा राहिला तर दोष व्हॉल्व्हकडे किंवा गॅस्केटकडे. या एका चाचणीवर पुढची सगळी यादी ठरते. नुसतं हेड उतरवायचं असेल तर इंजिन गाडीतच राहू शकतं. रिंगा आणि बेअरिंगचं काम निघालं तर बऱ्याच गाड्यांमध्ये इंजिन बाहेर काढावं लागतं, आणि मग क्रेन, स्टँड, मायक्रोमीटर असा सगळा लवाजमा लागतो.

पायरी २: मॅन्युअल घेऊन इंजिन कागदावर उघडा

तुमच्या गाडीच्या, नेमक्या त्याच इंजिन कोडच्या सर्व्हिस मॅन्युअलशिवाय सुरुवात करू नका. एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन वेगवेगळी इंजिनं असतात आणि त्यांचे टॉर्कचे, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा याचे आकडे वेगळे असतात. व्हिडिओ जरूर पाहा, हात कसा चालतो ते त्यातून कळतं. आकडे मात्र मॅन्युअलमधूनच घ्या.

आता एक वही घ्या आणि ‘काढणे’ या प्रकरणातली पहिली ओळ वाचा. ती पायरी प्रत्यक्ष करताय असं समजून तिथे कोणता बोल्ट आहे, किती मिलिमीटरचा पाना लागेल, हात पोहोचेल का, तो पुन्हा किती टॉर्कने आवळायचा, हे लिहा. मग दुसरी ओळ. मग ‘बसवणे’ हे प्रकरण याच पद्धतीने. याला एक-दोन संध्याकाळी जातात, कंटाळाही येतो, पण हत्यारांची खरी यादी यातूनच तयार होते. बाजारातला दोनशे नगांचा चकचकीत सेट बघून यादी करणाऱ्याकडे नको त्या दीडशे वस्तू येतात आणि हवी ती एक नसते.

वाचताना तीन गोष्टींना लाल खूण करा. जिथे ‘विशेष हत्यार’ असं लिहिलं असेल ती जागा. जिथे बोल्ट ‘पुन्हा वापरू नका’ असं म्हटलं असेल ती जागा. आणि जिथे टॉर्कच्या आकड्यानंतर अंश दिले असतील ती जागा. या शेवटच्या दोन खुणा बऱ्याचदा एकाच बोल्टावर येतात, त्याबद्दल पुढे लिहितो.

पायरी ३: पाने आणि गोट्या

फिरवायची हत्यारं बऱ्याच जणांकडे थोडीफार असतातच. त्यात काय कमी आहे ते बघायचं. गोटी, म्हणजे सॉकेट, ज्या चौकोनी दांड्यावर बसते त्याचे तीन आकार जमवा: पाव इंच, तीन सूत आणि अर्धा इंच. छोट्या झाकणांच्या बोल्टांना पाव इंची, बहुतेक कामाला तीन सुती, आणि हेड, क्रँक, इंजिन माउंटिंगला अर्धा इंची. एकट्या अर्धा इंची सेटवर भागवायला गेलात तर सहा मिलिमीटरचा बारीक बोल्ट हातात तुटून येईल, कारण लांब दांड्यावर किती जोर लागतोय ते हाताला कळतच नाही.

मापांचं एक गणित लक्षात ठेवा, खरेदी सोपी होईल. आठ मिलिमीटर जाडीच्या बोल्टाचं डोकं जपानी घडणीच्या गाडीत बहुधा १२ चं असतं आणि युरोपीय गाडीत १३ चं. दहा मिलिमीटरच्या बोल्टाचं डोकं जपानी गाडीत १४ चं, युरोपीय गाडीत १६ किंवा १७ चं. म्हणजे एका गाडीवर १०, १२, १४, १७, १९ हीच मापं सारखी हातात येतील आणि दुसरीवर १०, १३, १६, १८. तुमच्या गाडीची मापं ओळखा आणि तीच चांगल्या प्रतीची घ्या, उथळ आणि खोल अशा दोन्ही लांबीत. युरोपीय इंजिनांत एलन आणि स्टार डोक्याचे बोल्टही भरपूर असतात. हेडचे बोल्टसुद्धा तसे असू शकतात, आणि त्यांना लांब बिट लागतं.

गोटी सहा कोनीच घ्या. बारा कोनी गोटी लावायला सोयीची असते, पण ती फक्त कोपऱ्यांवर धरते. गंजलेल्या किंवा आधीच कुणी छळलेल्या बोल्टावर ती घसरली की डोकं गेलं. बारा कोनी गोटी जिथे बोल्टच बारा कोनी आहे तिथेच लावायची.

सोबत रिंग पाने आणि डबल एंड पाने, तीन-चार लांबीच्या एक्स्टेन्शन, एक युनिव्हर्सल जॉइंट, आणि निदान ६० सेंटिमीटर लांबीचा ब्रेकर बार. घट्ट बोल्ट सोडवायला रॅचेटला पाइप लावून लोंबकळू नका, आतले दात तुटतात आणि हात थेट धारदार पत्र्यावर जातो. गंज उतरवणारं तेल आदल्या रात्री आणि पुन्हा सकाळी सोडलं तर निम्मे हट्टी बोल्ट वाद न घालता सुटतात. क्रँकचा बोल्ट स्टार्टर मारून सोडवायची युक्ती तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल. ती करू नका. पुली किंवा फ्लायव्हील अडकवून धरायचं हत्यार भाड्याने मिळतं.

पायरी ४: टॉर्क रेंच, आणि इथे हात आखडता घेऊ नका

मी पहिल्यांदा हेड बसवलं ते हाताच्या अंदाजाने. बोल्ट आवळताना समाधान वाटलं होतं, सगळे सारखेच घट्ट लागत होते. काही आठवड्यांनी पाणी कमी व्हायला लागलं. हेड पुन्हा उतरवलं तेव्हा एका टोकाचे बोल्ट अगदीच सहज सुटले आणि तिथेच गॅस्केटवर पाणी झिरपल्याचा डाग होता. गॅस्केट, ऑइल, कूलंट आणि कामाचे सगळे दिवस वाया गेले. हाताच्या अंदाजावर त्यानंतर मी एकही हेड बसवलेलं नाही.

कारण समजून घ्या. बोल्ट आवळताना लावलेल्या जोरापैकी साधारण नव्वद टक्के जोर आट्यांच्या आणि डोक्याखालच्या घर्षणातच जातो. प्रत्यक्ष दाबून धरायला उरतो तो जेमतेम दहा टक्के. त्यामुळे आटे कोरडे, तेलकट की घाणेरडे यावर आतली पकड खूप बदलते, आणि हाताला त्यातलं काहीही जाणवत नाही. म्हणून आट्यांना तेल लावायचं की नाही हेसुद्धा मॅन्युअल सांगेल तसंच करायचं.

एका रेंचवर भागत नाही. झाकणाच्या सहा मिलिमीटरच्या बोल्टाला साधारण १० न्यूटन-मीटर लागतात, हेडला कित्येक पट, आणि क्रँक पुलीला १०० च्या वर, कधी २०० च्याही वर. साधी ‘क्लिक’ वाजणारी रेंच तिच्या कमाल मापाच्या खालच्या पाचव्या भागात भरवशाची नसते. ५ ते २५ ची एक छोटी आणि ४० ते २०० ची एक मोठी घेतलीत तर बरंच काम होतं. मधल्या ३०-३५ च्या आकड्यांसाठी २० ते १०० ची तिसरी मागून आणा. आयएसओ ६७८९ हे या रेंचचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. १० न्यूटन-मीटरच्या वरच्या रेंचला त्यात चार टक्के कमी-जास्त चालतं, आणि वेगळी सूचना नसेल तर १२ महिने किंवा ५,००० वेळा वापर, यांपैकी जे आधी होईल तेव्हा तपासणी करायची असते. मागून आणलेली रेंच शेवटची कधी तपासली, हे विचारायला संकोचू नका.

वापरताना मूठ मधोमध धरा, सावकाश ओढा, क्लिक वाजली की थांबा. खात्री करायला म्हणून पुन्हा दोन-तीनदा क्लिक करणं म्हणजे बोल्ट जास्त आवळणं. या रेंचने बोल्ट कधीही सोडवायचा नाही. काम झालं की तिचं माप सर्वात खालच्या आकड्यावर आणून डब्यात ठेवायची, नाहीतर आतली स्प्रिंग दबून राहते. जुन्या मॅन्युअलमध्ये किलोग्रॅम-मीटर दिसले तर १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर, फूट-पाउंड दिसले तर १ न्यूटन-मीटर म्हणजे ०.७४ फूट-पाउंड. हे आकडे आधीच वहीत बदलून लिहा. ऑइलने माखलेल्या हातांनी फोनवर भागाकार करताना चूक होते.

आता त्या अंशांबद्दल. बऱ्याच आधुनिक इंजिनांत हेडचा बोल्ट आधी ठरावीक टॉर्कला आवळतात आणि मग ९० अंश, पुन्हा ९० अंश असा फिरवतात. असा बोल्ट मुद्दाम ताणला जातो, आणि एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तशी पकड देत नाही. त्यामुळे नवे बोल्ट यादीत, आणि सोबत अंश मोजायचं छोटं गेजही. ते स्वस्त असतं. नसेल तर बोल्टाच्या डोक्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन ९० अंश मोजता येतात. हेड फ्रेमच्या खाली अडचणीत असेल तेव्हा तो ठिपका दिसत नाही, म्हणून मी गेजच घ्या म्हणेन.

पायरी ५: मोजायची हत्यारं

इंजिन उघडून नुसतं बघितलं तर सगळं ठीकच दिसतं. झीज दिसते ती मापात, आणि ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असते.

फक्त हेडचं काम असेल तर सरळ कडेची पोलादी पट्टी आणि फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पानांचा जुडगा) पुरे. हेडचा पृष्ठभाग साफ करून पट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर उभी ठेवायची आणि खालून फिलरचं पान सरकतं का बघायचं. किती वाक चालतो ते मॅन्युअलमध्ये असतं; छोट्या इंजिनांत ही मर्यादा बहुधा ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या आसपास दिसते. साधी शाळेतली फूटपट्टी यासाठी चालत नाही, ती स्वतःच सरळ नसते. ब्लॉकचा पृष्ठभागही असाच तपासा, तो तपासायचं लोक विसरतात.

खालचं काम निघालं तर मायक्रोमीटर, बोअर गेज आणि डायल गेज लागतात. छोट्या गाडीच्या क्रँकचे जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग, साधारण ४० ते ६० मिलिमीटरचे असतात, म्हणजे २५-५० आणि ५०-७५ असे दोन मायक्रोमीटर. व्हर्नियरने हे माप घेता येत नाही, त्याच्या चुकीतच सगळी झीज लपून जाते. मोजण्याआधी भाग आणि हत्यार काही तास एकाच खोलीत, सावलीत ठेवा. ८० मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन १० अंश सेल्सिअसने तापला तर सुमारे ०.०१८ मिलिमीटरने फुगतो, आणि पिस्टन-बोअरमधली जागा मुळातच काही शतांश मिलिमीटरची असते. उन्हात पडलेला पिस्टन मोजून तुम्ही त्याला उगाच चांगला ठरवाल.

बेअरिंगची फट बघायला प्लास्टिगेज ही मेणासारखी बारीक दोरी मिळते. तिचा तुकडा जर्नलवर ठेवायचा, कॅप पूर्ण टॉर्कला आवळायची, क्रँक अजिबात फिरवायचा नाही, कॅप काढायची आणि दोरी किती चपटी झाली ते सोबतच्या पट्टीवर वाचायचं. नवशिक्याला महागड्या बोअर गेजपेक्षा हिच्यावर लवकर विश्वास ठेवता येतो.

बोअर करणं, क्रँक ग्राइंड करणं, हेडचा पृष्ठभाग घासून सरळ करणं ही कामं मशिन शॉपची आहेत. त्यांची हत्यारं जमवायचा विचार सोडा. तुमची मापं तिथे सोबत घेऊन जा, म्हणजे ०.२५ ओव्हरसाइज पिस्टन लागेल की ०.५० हे बोलणं आकड्यांवर होतं. बोअर करण्याआधी नवे पिस्टन विकत आणून तिथे द्यायचे, कारण बोअर पिस्टनच्या मापाला करतात.

पायरी ६: उचलणं आणि टेकवणं

चार सिलिंडरचं छोटं इंजिन शंभर-दीडशे किलोचं असतं. गिअरबॉक्ससकट आणखी जड, डिझेल त्याहून जड. इथे जुगाड करू नका. छताच्या वाशाला, गॅलरीच्या कठड्याला किंवा झाडाच्या फांदीला चेन कप्पी बांधून इंजिन उचलणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि दर वेळी माझा श्वास अडकला आहे.

क्रेन भाड्याने घ्या. घेताना तिच्या हातावरचे आकडे वाचा. हात जितका लांब तितकी ताकद कमी होते. दोन टनांची म्हणून ओळखली जाणारी क्रेन हात पूर्ण बाहेर काढल्यावर साधारण अर्धा टनच उचलते. इंजिन तिरकं करून काढायला लेव्हलर नावाचा दांडा सोबत मागा. चाकं कच्च्या जमिनीत रुततात, तेव्हा खाली सपाट सिमेंट असलेली जागा आधीच ठरवा. इंजिन स्टँडला जोडायचे बोल्ट ८.८ किंवा १०.९ ग्रेडचे असू द्या. हा आकडा बोल्टाच्या डोक्यावर कोरलेला असतो. ते पुरेसे आत जातील एवढ्या लांबीचे आधीच आणून ठेवा, इंजिन क्रेनला लटकत असताना बोल्ट शोधायला निघू नका.

गाडीखाली जायचं असेल तर घोड्या, म्हणजे जॅक स्टँड, लावल्याशिवाय नाही. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. हायड्रॉलिक जॅकची एक सील गेली की गाडी खाली येते, आणि ती आधी सांगत नाही. घोड्या लावल्यावर गाडी हाताने जोरात हलवून बघा, मगच खाली सरका.

पायरी ७: एकदाच लागणारी हत्यारं

व्हॉल्व्ह स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसर, रिंग कॉम्प्रेसर, रिंगा पसरवायची पक्कड, पुलर, सर्क्लिपची पक्कड, आणि कॅम-क्रँक जागेवर अडकवणाऱ्या टायमिंग पिना. यातलं सर्क्लिपची पक्कड सोडून बाकी सगळं मागून किंवा भाड्याने आणा. टायमिंग पिना मात्र नेमक्या तुमच्या इंजिनाच्याच हव्यात. त्यांच्याऐवजी ड्रिल बिट किंवा स्क्रू ड्रायव्हर अडकवला की एखाद-दुसरा दात इकडेतिकडे होतो, आणि काही इंजिनांत तेवढ्यावर व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतो.

पायरी ८: साफसफाई आणि खुणा

ही पायरी यादीत बहुतेकांच्या हातून सुटते. साठवणीसाठी झिपच्या पिशव्या, न पुसणारा मार्कर, मास्किंग टेप, आणि जाड पुठ्ठे. पुठ्ठ्यावर हेडचं चित्र काढा, बोल्टाच्या जागी भोकं पाडा आणि निघालेला प्रत्येक बोल्ट आपापल्या भोकात खोचा. कव्हरचे बोल्टही असेच, कारण ते दिसायला सारखे असले तरी लांबीत फरक असतो; लांब बोल्ट आखूड जागी गेला की आतलं कास्टिंग फुटतं. टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग), मेन कॅप (क्रँकच्या बेअरिंगवरची झाकणं), कनेक्टिंग रॉडच्या कॅप या ज्या जागेवरून निघाल्या त्याच जागी आणि त्याच दिशेने परत जायला हव्यात. बारा-सोळा खणांचा डबा यासाठी आणा. काढताना प्रत्येक टप्प्यावर फोटो घ्या, एक जवळून, एक लांबून. लांबून काढलेलाच पुढे जास्त उपयोगी पडतो.

साफ करायला रॉकेल किंवा डिग्रीझर, ब्रश, धागे न सुटणारं फडकं आणि गॅस्केट खरवडायला प्लास्टिकची पट्टी. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडवर घासणारी गोल डिस्क ड्रिलला लावून चालवू नका. तिचे बारीक कठीण कण उडतात, ऑइलच्या वाटांमध्ये शिरतात आणि नवी बेअरिंगं खाऊन टाकतात. शिवाय ती पृष्ठभागात खड्डे पाडते, जे डोळ्यांना दिसत नाहीत पण गॅस्केटला कळतात.

ब्लॉकमधली बोल्टाची भोकं साफ करायला आटे उजळणारं चेझर घ्या. नवे आटे पाडणारा टॅप नको, तो आहे ते लोखंड कापतो. भोकाच्या तळाला तेल किंवा पाणी साचलं असेल तर ते हवेने किंवा फडक्याच्या वातीने काढून टाका. द्रव दबत नाही. तसाच बोल्ट आवळला तर टॉर्क खोटा येतो, आणि कधी कधी ब्लॉकला तडा जातो.

पायरी ९: संपणारा माल

गॅस्केटचा पूर्ण सेट, नवे हेड बोल्ट, ऑइल सील, ऑइल, फिल्टर, कूलंट, मॅन्युअल म्हणेल तिथे लावायचं सिलिकॉन, थ्रेड लॉक, आणि बेअरिंगला लावायचं असेंब्लीचं वंगण. नवी गॅस्केट पाकिटातून काढून जुनीवर ठेवून भोकं जुळवून बघा, पण ती पृष्ठभागाला लावायच्या दिवसापर्यंत पुन्हा पाकिटातच ठेवा. सिलिकॉन बेताने लावायचं. जास्तीचं आतल्या बाजूला सुटून ऑइलच्या जाळीत अडकतं.

चष्मा, नायट्राइलचे हातमोजे आणि पेट्रोल-ऑइलच्या आगीवर चालणारं अग्निशामक हाताशी हवं. काढलेलं कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात. जुनं ऑइल झाकणाच्या कॅनमध्ये साठवा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्याकडेच द्या.

पायरी १०: मांडामांड

सगळं जमलं की काम सुरू करण्याच्या आदल्या दिवशी हत्यारं एका जुन्या चादरीवर, वहीतल्या क्रमाने मांडा. वही उघडा आणि पहिल्या ओळीपासून प्रत्येक पायरीला लागणारं हत्यार हातात घ्या, गोटी रॅचेटवर बसवून बघा, शक्य असेल तिथे बोल्टावर लावूनही बघा. दहा मिलिमीटरची गोटी दोन घ्या, एक हमखास कुठेतरी पडते. क्रँकच्या बोल्टाचं माप आणि पुली धरायचं हत्यार इथेच ताडून घ्या. एखादी वस्तू कमी निघाली तर काम पुढे ढकला. बंद इंजिन आठवडाभर थांबू शकतं, उघडं पडलेलं थांबत नाही, त्याच्या बोअरवर दमट हवेत एका रात्रीत गंज चढतो.

यादी पूर्ण झाली, इंजिन गार झालं, तर बॅटरीचं ऋण टोक आधी सोडवा. त्याला दहाचाच पाना लागतो.